टीचर, आमच्या डॉल्फिनचं नाव कधी बदललं?

मागच्या अंकात मांडवीच्या मुखाशी दिसणाऱ्या डॉल्फिनवर मी चार ओळी काय लिहिल्या, या महिन्यात पत्रांच्या पेटीत दुसरा विषयच उरला नाही. आंब्यावरच्या तुडतुड्यांबद्दल विचारणाऱ्या साखळीच्या काकांनी कृपया पुढच्या अंकापर्यंत थांबावं.

नेरूलहून एक होडीवाले लिहितात: टीचर, मी तुमचा म्हापशाचा विद्यार्थी, बारावी १९९८. आता कोको बीचवर माझ्या दोन होड्या आहेत, डॉल्फिन ट्रिप करतो. तुम्ही आम्हाला फळ्यावर त्याचं शास्त्रीय नाव ‘सूझा चायनेन्सिस’ लिहून दिलं होतं. ती वही अजून घरात आहे. मागच्या अंकात तुम्हीच ‘सूझा प्लम्बिया’ लिहिलंत. रविवारी पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने तेच नाव सांगून भर होडीत मला खोटं पाडलं. डॉल्फिन तोच, जागा तीच, मग नाव कोणी बदललं? आणि परत बदलणार असेल तर नवा बोर्ड रंगवू की नको? माझं नाव छापू नका.

अरे, गिऱ्हाईक बरोबर होतं आणि १९९८ साली तुझी वहीही बरोबर होती. ती टाकू नकोस. (‘सूझा’ म्हटलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, “टीचर, डॉल्फिन डिसोझांचा?” वर्गात दोन तरी डिसोझा असायचेच. तो आवाज तुझा नव्हता ना?)

आधी प्राणी बघू. तू रोज बघतोस, पण उद्या मी सांगते तसा बघ. पाण्यावर येताना पहिल्यांदा लांब चोच तिरकी वर येते. मग पाठ कमानीसारखी वाकते आणि तिच्या मधोमध एक लांबट उंचवटा दिसतो. बैलाच्या वशिंडासारखाच, फक्त बैलाचं वशिंड मानेमागे असतं, याचं पाठीच्या मध्यावर. त्या वशिंडावर, कोणी नंतर आणून चिकटवावा तसा, एक छोटासा पर. आता रंग. जाळ्याला लावायचा शिशाचा गोळा हातात धर आणि ताडून बघ. शिशाला लॅटिनमध्ये प्लम्बम म्हणतात. प्लम्बिया म्हणजे शिशाच्या रंगाचा.

हे नाव नवंकोरं आहे असं तुला वाटत असेल तर तसं नाही. ते १८२९ सालचं आहे. द्युसुमिये नावाचा एक फ्रेंच व्यापारी आपल्याकडच्या समुद्रातून प्राण्यांचे नमुने पॅरिसला नेत असे. त्याने मलबार किनाऱ्यावरून नेलेल्या डॉल्फिनला प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज कुव्हिएने हे नाव दिलं. म्हणजे मूळ नमुनाच आपल्या बाजूच्या किनाऱ्याचा.

तुझ्या वहीतलं ‘चायनेन्सिस’ त्याहून जुनं. पेर ओस्बेक हा स्वीडिश जहाजावरचा पाद्री, शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनीयसचा शिष्य. कँटनच्या नदीत त्याने बर्फासारखे पांढरे डॉल्फिन उसळताना पाहिले आणि प्रवासवर्णनात लिहून ठेवलं. १७६५ सालच्या पुस्तकातल्या त्या नोंदीवर ते नाव उभं आहे. कवटी नाही, कातडं नाही, एक दातसुद्धा नाही. जहाजाच्या कठड्यावरून पाहिलं आणि नाव दिलं, बस्स. आज असं कोणी केलं तर त्याला दारातूनच परत पाठवतील.

पुढच्या शंभर वर्षांत नावांचं पीक आलं. १८६६ मध्ये रिचर्ड ओवेनने लंडनमध्ये बसून विशाखापट्टणमकडच्या, अंगभर तीळ असल्यासारख्या ठिपकेदार डॉल्फिनला ‘लेंटिजिनोसा’ म्हटलं. १८९२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या कॅमेरूनहून आलेल्या एका कवटीवरून क्युकेंथालने ‘ट्युझाय’ काढला. त्याच्या पोटात म्हणून जे सांगितलं गेलं त्यात गवत आणि तिवराची फळं होती, म्हणून हा डॉल्फिन शाकाहारी असावा असंही त्याने लिहिलं! डॉल्फिनने सोमवार धरल्याची ती पहिली आणि शेवटची नोंद. दुसऱ्याच प्राण्याचा माल त्यात मिसळला असावा, असं नंतरच्यांनी म्हटलं.

मग विसाव्या शतकात उलटा वारा सुटला. कवट्या शेजारी शेजारी मांडून बघणारे म्हणू लागले, अहो, दक्षिण आफ्रिकेपासून अरबी समुद्र, बंगालचा उपसागर, चीन, ऑस्ट्रेलिया असं सरकत गेलं तर फरक पडतो खरा, पण हळूहळू पडतो. रेघ कुठं मारायची? त्यापेक्षा सगळे एकाच नावाखाली घाला. एकत्र केल्यावर सर्वांत जुनं नाव टिकतं, असा नियम. म्हणून ओस्बेकच्या कठड्यावरच्या नजरेला मान मिळाला आणि गोव्याचा शिसवर्णी डॉल्फिनही ‘चिनी’ झाला. कोणी दोन जाती धरी, कोणी तीन. मी शिकवत होते तेव्हा माझ्या हातातल्या पुस्तकात दोन होत्या: आफ्रिकेच्या पश्चिमेचा ट्युझाय आणि बाकी जगभराचा चायनेन्सिस. तेच तुझ्या वहीत आलं.

‘रेघ कुठं मारायची’ हा प्रश्न आपल्याला तरी कोणी समजावून सांगायला नको. केरीच्या फेरीवर तेरेखोल ओलांड, आरोंद्याला जा, तिथून सावंतवाडी, कुडाळ, मालवण. प्रत्येक गावची बाई शेजारच्या गावच्या बाईशी न अडखळता बोलते. पण मालवणची बाई सरळ काणकोणला आणून बसव, दोघींना एकमेकींचं अर्धं बोलणं परत विचारावं लागेल. मधे कुठं भाषा बदलली? कुठल्या व्हाळाला? साहित्य अकादमीने १९७५ साली कोकणी ही स्वतंत्र भाषा म्हणून मान्य केली. त्याच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी बाजारात बांगडे विकणारी तेच शब्द बोलत होती. (या वादात कोण बरोबर हे मला विचारू नका. माझ्या घरात दोन्ही बाजू जेवायला एकाच टेबलावर बसतात.) डॉल्फिनची जात ठरवणं बरंचसं असंच आहे. प्राणी खरा, फरक खरा. पण फरक किती झाला म्हणजे वेगळं नाव द्यायचं, हे माणसं पुरावे समोर ठेवून ठरवतात आणि पुरावा वाढला की पुन्हा बसतात.

इथं पुरावा वाढला तो २०१३ मध्ये. मेंडेझ आणि सहकाऱ्यांनी १८० कवट्या मोजल्या आणि २३५ जनावरांच्या ऊतींतला डीएनए तपासला. कवट्या मोजायच्या म्हणजे बारावीच्या प्रयोगशाळेतलाच व्हर्नियर कॅलिपर, थोडा मोठा: चोचीची लांबी, मुळाशी रुंदी, दातांच्या खळग्यांची संख्या. डीएनएसाठी जिवंत डॉल्फिन पकडावा लागत नाही. एक पोकळ टोकाचा बाण मारतात, तो पेन्सिलमागच्या रबराएवढा कातडी-चरबीचा तुकडा घेऊन आपटून खाली पडतो आणि तरंगत राहतो. किनाऱ्यावर मरून लागलेल्यांचीही कातडी चालते. फक्त मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए पाहिला तर आईच्या आईच्या आईची गोष्ट कळते, बापाच्या बाजूचं काहीच नाही. म्हणून पेशीकेंद्रातलाही पाहिला. कवटीने सांगितलेली विभागणी आणि डीएनएने सांगितलेली विभागणी बऱ्यापैकी जुळली आणि चार गट पडले. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, जेफरसन आणि रोझेनबॉम यांनी चौघांना चार जाती म्हणून मांडलं: ट्युझाय, आपला प्लम्बिया, पूर्वेकडचा चायनेन्सिस आणि ऑस्ट्रेलियाचा सगळ्यात नवा ‘साहुलेन्सिस’. चीनकडच्या मोठ्या झालेल्या डॉल्फिनला वशिंड नसल्यातच जमा, अंग गुलाबी-पांढरं. समुद्री सस्तन प्राण्यांच्या अभ्यासकांची एक आंतरराष्ट्रीय सोसायटी आहे, तिची नावांची समिती दरवर्षी यादी काढते. तिने ही विभागणी स्वीकारली आणि १८२९ चं नाव पुन्हा आपल्या डॉल्फिनला लागलं.

पण लगेच ‘झालं एकदाचं’ म्हणू नकोस. प्लम्बिया संपून चायनेन्सिस सुरू कुठं होतो? बंगालच्या उपसागरात कुठंतरी, इतकंच नक्की. २०१७ मध्ये बांगलादेशच्या किनाऱ्यावरच्या डॉल्फिनांचा डीएनए तपासला तर ते ना या कुळात नीट बसले, ना त्या. चारचे पाच होणार की कसं, हे अजून लोंबकळतंय.

तुझ्या बोर्डापुरतं सांगायचं तर ‘प्लम्बिया’ बिनधास्त रंगव, गोव्यापुरतं ते हलेल अशी चिन्हं नाहीत. वर ठळक मराठीत ‘वशिंडवाला डॉल्फिन’ लिही, ते कुठल्याच समितीच्या हातात नाही. आणि तो ‘नो डॉल्फिन, नो पे’चा फलक तेवढा काढ. त्या चार शब्दांपायी पाच-पाच होड्या एका पिल्लामागे धावताना मी आग्वादच्या कड्यावरून पाहिल्या आहेत. त्यात तुझी नसेल असं धरून चालते.

पेडण्याची बारावीतली मुलगी विचारते: आमच्या पुस्तकात आहे की ज्यांच्यात आपसात प्रजनन होऊन प्रजननक्षम संतती होते ती एक जाती. मग कवट्या कशाला मोजायच्या? नर-मादी एकत्र होतात का एवढंच बघायचं.

परीक्षेत पुस्तकातलंच लिही, गुण जातील नाहीतर. एर्न्स्ट मायरने १९४२ मध्ये मांडलेली ती व्याख्या चांगलीच आहे, पण समुद्रात ती तपासायची कशी? गोव्याचा नर आणि हाँगकाँगची मादी भेटणारच नाहीत, मग त्यांचं जमलं असतं की नाही हे कसं कळणार? आणि जिथं भेटतात तिथं गंमत वेगळीच. १९८५ साली हवाईतल्या एका सागरी उद्यानात बॉटलनोज डॉल्फिनच्या मादीला फॉल्स किलर व्हेल या दुसऱ्याच जातीच्या नरापासून पिल्लू झालं, केकाइमालू नावाचं. जाती सोड, या दोघांची प्रजाती (म्हणजे जातींच्या वरचा गट, जीनस) सुद्धा वेगळी. खेचरासारखी ती वांझ निघायला हवी होती. पण मोठी झाल्यावर तिलाही पिल्लं झाली. आता काय करायचं? बॉटलनोज आणि फॉल्स किलर व्हेल एकच म्हणायचं? कोणी म्हणालं नाही.

अटलांटिकमधला क्लायमिनी डॉल्फिन तर मुळातच स्पिनर आणि स्ट्राइप्ड या दोन जातींच्या संकरातून उभा राहिला असावा, असं २०१४ च्या जनुकीय अभ्यासाने दाखवलं. डॉल्फिनांच्या जातींमधल्या भिंती अशा कुडाच्या आहेत, आरपार दिसतं, कधी कधी कोणी घुसतंही. म्हणून अभ्यासक एका कसोटीवर थांबत नाहीत. एकमेकांवर न विसंबणारे निदान दोन पुरावे एकच गोष्ट सांगतात का, ते बघतात.

एकाच पुराव्यावर विसंबलं की काय होतं त्याचं उदाहरण कॉमन डॉल्फिन. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या समुद्रातल्या जनावरांवरून आखूड चोचीचा एक आणि लांब चोचीचा एक अशा दोन जाती केल्या. तिथं ते दिसतही होतं. पुढे जगभरचे नमुने आले तेव्हा कळलं की लांब चोचीचे सगळे एका घरचे नाहीत. वेगवेगळ्या समुद्रांत चोच आपापली लांबली. २०१६ च्या यादीत लांब चोचीची ती जात काढून टाकली. आपल्या अरबी समुद्रात तर चोच सगळ्यांत लांब, आणि तो नुसती उपजाती म्हणून नांदतोय.

मांद्र्याहून एक गृहिणी: गणपतीनंतर आमच्या किनाऱ्यावर दीड मीटरचा, काळपट, बोथट तोंडाचा प्राणी मरून लागला. पाठीवर पर नव्हता. शेजारी म्हणाले, डॉल्फिनचं पिल्लू, पर बोटीच्या पंख्याने कापला. खरं?

नाही हो. तुम्ही पाहिलात तो बहुधा फिनलेस पॉरपॉईज, डॉल्फिनचा चुलतभाऊ, त्याला पर नसतोच. त्याजागी पाठीवर एक रुंद, बुटकी पट्टी असते आणि तिच्यावर हात फिरवला तर चामखिळीसारखे दाणे लागतात. मुंबईकडचं त्याचं जुनं मराठी नाव भुलगा, इंग्रजांच्या काळातल्या प्राणिग्रंथांत ते नोंदलेलं आहे.

खात्री दातांवरून होते. डॉल्फिनचा दात खिळ्यासारखा, टोकदार. पॉरपॉईजचा चपटा, फावड्याच्या पात्यासारखा. मोरजीला एकदा असाच लागला होता, तेव्हा मी खडीसाखरेच्या पुडीतली काडी घेऊन त्याचा ओठ उचलला होता. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, शुभ्र, चपटी पाती ओळीने. भोवती जमलेल्या पोरांना मी इतकी सांगत सुटले की भरतीने चपला नेल्या ते घरी निघताना कळलं. तुम्ही मात्र हात लावू नका. डॉल्फिन आणि पॉरपॉईज दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, हाड घरी आणलं तरी गुन्हा. वन खात्याला फोन करायचा.

यालाही नाव १८२९ मध्ये त्याच कुव्हिएने दिलं, आणि मूळ ठिकाण लिहिलं केप ऑफ गुड होप. आफ्रिकेच्या त्या टोकाला हा प्राणी सापडतच नाही! नमुना मलबारकडचाच असावा आणि चिठ्ठीत घोळ झाला असावा, असं आता मानतात. चिठ्ठी चुकली की दोनशे वर्षं निस्तरावी लागते. आमच्या प्रयोगशाळेतल्या बरण्यांवरची लेबलं मी निवृत्त होताना पाहिली आहेत, अधिक बोलत नाही.

फोंड्याहून एक निवृत्त बँक कर्मचारी: तीन जाती की चार, यावर विद्वान भांडतात. डॉल्फिनला त्याचा काय उपयोग?

डॉल्फिनला नाही, फायलीला आहे, आणि फाईल तुम्ही आयुष्यभर हाताळलीत. सगळे एकाच चायनेन्सिस नावाखाली होते तेव्हा, २००८ मध्ये, धोक्यातल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत शेरा होता, ‘धोक्याच्या जवळ’. खातं मोठं, शिल्लक बरी दिसते. खाती वेगळी केल्यावर प्लम्बियाच्या खात्यावर ‘संकटग्रस्त’ असा शेरा आला. हा प्राणी खोल समुद्रात जात नाही. नदीच्या मुखाशी, शेवटो, तारली असे मासे मिळतात तिथं, किनाऱ्याला धरून राहतो. म्हणजे नेमका बंदरं, जाळी आणि आपण जिथं आहोत तिथं. तैवानच्या पश्चिम किनाऱ्यावरचे तर शंभरसुद्धा उरलेले नाहीत. २०१५ मध्ये त्यांना वेगळी उपजाती मानलं, तेव्हापासून त्यांचा हिशेब चीनच्या हजारोंत बुडत नाही.

गंगेतल्या डॉल्फिनचंही तसंच. आपण २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर केलं तेव्हा गंगेचा आणि सिंधूचा एकच मानला जात होता. त्याआधी १९७१ मध्ये दोन केले होते, १९९८ मध्ये परत एक केले, आणि २०२१ मध्ये कवट्या व डीएनए बघून पुन्हा दोन. पंजाबात ब्यास नदीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सिंधूवाले आहेत. कालपर्यंत ते गंगेच्या डॉल्फिनांची एक बाजूला पडलेली शाखा होते, आज आपल्या देशातली स्वतंत्र जात आहेत.

तरी पण तुमच्या बोलण्यात तथ्य आहे. वेगळं नाव दिलं की संरक्षण मिळतं, या मोहाने फोडाफोड होऊ नये. २०२४ मध्ये ईशान्य पॅसिफिकमधल्या ओर्कांना (तेही डॉल्फिनच, सगळ्यांत मोठे) दोन वेगळ्या जाती करण्याचा प्रस्ताव आला. एक गट मासे खातो, दुसरा सील, शेजारी राहून सोयरिक नाही. समिती म्हणाली, तूर्त उपजाती म्हणा, जगातल्या बाकीच्या ओर्कांशी ताडून झालं की बघू. मला हा सावधपणा पटतो. बाकीच्यांना रटाळ वाटेल.

वेंगुर्ल्याचे एक वाचक: आमच्याकडे याला गादा म्हणतात. ही लॅटिन नावं सोडून तेच शास्त्रीय नाव का करत नाहीत?

एकदा जवळजवळ झालं होतं. तुमच्या नाही, तेलुगू कोळ्यांच्या शब्दाचं. त्याच १८६६ सालच्या लेखात ओवेनने विशाखापट्टणमच्या एका डॉल्फिनला ‘डेल्फिनस गदामू’ म्हटलं. गदामू हा तिथल्या मच्छीमारांचाच शब्द. नंतर ध्यानात आलं की हा तर बॉटलनोजचा हिंद-प्रशांतकडचा भाऊ, आणि तांबड्या समुद्रातल्या त्याच जातीला एहरेनबर्गने १८३३ मध्ये ‘अडुंकस’ म्हणून ठेवलंय. आधी आला तो राहिला. गदामू आता समानार्थी नावांच्या ओळीत, बारीक टायपात.

गादा आणि गदामू कानाला सख्खे वाटतात खरे, पण नुसत्या आवाजावरून सोयरीक जुळवायला मी तयार नाही. त्यापेक्षा एक करा. तुमच्याकडच्या जुन्या रांपणकारांना विचारा की गादा ते सगळ्यांनाच म्हणतात की फक्त वशिंडवाल्याला, आणि पर नसलेल्याला वेगळं काही नाव आहे का. मला लिहून पाठवा, गावाच्या नावासकट.